काढून ठेवलेली माळ

जनकाबाई शिडीवर चढायला शिकली तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते. सुलतानपुरात, मेहकरहून लोणारला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, जाधवांचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर नुकतंच उभं राहिलं होतं आणि भीमजयंती तोंडावर आली होती. लुगड्याचा ओचा कमरेला खोचून, हातात निळ्या दिव्यांची माळ घेऊन ती शिडीवर उभी होती. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत तिचे मालक माणिकराव बसले होते आणि हातातली काठी वर करून सांगत होते.

“खाली पाहू नको. भिंतीकडं पाह्य. खिळा दिसला का? त्याले एक येढा दे अन् पुढं ढील सोड. लय ताणशीन त वायर खिळ्यावर चिरते.”

“अन् पडली बिडली त?”

“मी हाये ना खाली.”

“तुमी काय झेलणार हा मले त्या पायानं?”

यावर दोघंही हसले. रस्त्यानं जाणारेही हसत होते. बाई शिडीवर आणि बाप्या खुर्चीत, हे गावानं कधी पाहिलं नव्हतं. पण संध्याकाळी बटन दाबलं आणि स्लॅबच्या कडेकडेनं निळा उजेड धावत गेला, तेव्हा माणिकराव काठी टेकत रस्त्याच्या पलीकडे गेले आणि तिथून आपलं घर बघत उभे राहिले. ते येईनात म्हणून जनकाबाईनं हाक मारली. आल्यावर एवढंच म्हणाले, “जमलं वं तुले.”

त्यांच्या तोंडून हे येणं लहानसहान नव्हतं. मेहकरच्या रंगरावच्या मांडव-डेकोरेशनमध्ये माणिकरावांनी उमेदीची सगळी वर्षं लाइटिंगचं काम केलं होतं. त्या पट्ट्यात कुठंही लग्न निघालं की घर उजळायला माणिकराव. स्वतःचं घर मात्र कुडाच्या भिंतीचं आणि वर टिनपत्रे. “आपल्या घरावर कधी लावसान?” असं जनकाबाई नवी नवरी असताना विचारायची. ते म्हणायचे, “आधी घर त होऊ दे. पत्र्यावर माळ टाकली त करंट उतरते.”

आणि मग त्याच कामानं त्यांचा पाय नेला. शेजारच्या गावात इंद्रभानजी म्हणून मोठे शेतकरी होते, त्यांच्या मुलीचं लग्न. घर दुमजली. गच्चीवर जायला आतून पक्का जिना, पण तो देवघराच्या आणि सैपाकघराच्या अंगानं जायचा. माणिकराव माळांचं ओझं खांद्यावर घेऊन उंबऱ्यापाशी आले तसा आतून एका म्हातारीचा आवाज आला, “त्याले बाहेरून चढू द्या.” इंद्रभानजी ओशाळं हसले. “म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेता माणिकराव. शिडी हाये ना तुमच्यापाशी?” शिडी होती. अंगणात नुकताच सडा टाकलेला होता, फरशी ओली होती. शेवटचं टोक बांधता बांधता शिडीचा पाय सरकला आणि माणिकराव कमरेवर आपटले. त्यांना टेम्पोत घालून नेलं तेव्हा घराच्या एका बाजूची लाइटिंग सुरूच होती. लग्न वेळेवर लागलं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात हाड बसवलं. झोपून राहा म्हणून सांगितलं तितकं झोपून राहणं माणिकरावांना परवडणारं नव्हतं, लवकर उठले आणि पाय आखूड झाला तो झालाच. रंगराव भेटायला आला, पुन्हा एकदा आला, मग त्याचं येणं थांबलं. लग्नघरून बुंदीच्या लाडवांचा डबा आला. शाळेतून आलेल्या संघर्षनं, त्यांच्या एकुलत्या एका पोरानं, डबा उघडून लाडू तोंडाला लावला, तर जनकाबाईनं तो हातातून हिसकला आणि सगळा डबा शेजारच्या शेळ्यांपुढे ओतला. पोरगं रडायला लागलं. “काऊन वं माय? काऊन फेकले?” तेव्हा तिनं त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. जिना कुठून होता, म्हातारी काय बोलली, बाप का पडला. ऐकून पोरगं पेटून उठेल, शिकेल, मोठं होईल असं तिला वाटलं होतं. तो शिकला. मोठाही झाला. पण त्या दुपारी त्याच्या मनात नेमकं काय शिरलं हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

मधली वर्षं जनकाबाईनं आपल्या दोन हातांवर ओढली. लोकांच्या वावरात निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणं, आणि शाळेत पोरांची खिचडी शिजवणं. माणिकराव ओसरीत बसून लोकांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करायचे. संघर्ष बुलढाण्याला कॉलेजात गेला, होस्टेलमध्ये राहिला, तिथून पुण्याला एका कंपनीत लागला. घरकुल मंजूर झालं त्यात त्यानं आपली भर घातली, आणि वर स्लॅब टाकून झाला. वस्ती मागच्या अंगाला होती. जागा मिळाली ती रस्त्यावरची, त्यामुळे जाधवांचं घर वस्तीच्या सगळ्यात पुढं आलं. लोणारकडे जाणाऱ्याला पहिली दिसायची ती त्यांची निळी माळ. “आपली वस्ती इथून सुरू होते,” माणिकराव म्हणायचे. एप्रिल लागला की खुर्ची बाहेर, शिडी भिंतीला, जनकाबाई वर. वर्षभरात नवराबायको एवढं बोलत नसत जेवढं त्या एका दुपारी बोलायचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीही माळ लावून झाली होती. भर दुपारी संघर्षचा फोन आला, तोही बापाच्या नाही, तिच्या फोनवर.

“माय, रविवारी येऊन राह्यलो. सोबत पाहुणे हायेत.”

पाहुणे म्हणजे प्रेरणा, त्याच्या ऑफिसातली मुलगी, आणि तिचे आईवडील. लग्नाचं चाललंय एवढं जनकाबाईला माहीत होतं. मुलीचे वडील वामनराव मूळचे चिखलीकडचे, पण आता कैक वर्षं पुण्याचेच झालेले. शेगावचं दर्शन, लोणारचं सरोवर आणि वाटेत मुलाचं घर, असा बेत होता.

“चांगलंच झालं ना मंग,” जनकाबाई म्हणाली. “जयंतीच्या तोंडावर येऊन राह्यले. घर सजलेलं दिसन.”

तोच धागा पोरानं पकडला.

“तेच म्हणून राह्यलो होतो. माळ या वर्षी नको लावू.”

“लावली ना बाप्पा.”

“मंग काढून ठेव. ते गेले का पुन्हा लाव. अन् समोरच्या खोलीतला बाबासाहेबाचा फोटो आतल्या खोलीत लावजो.”

“काऊन?”

“माय, तुले समजते ना. तिच्या घरी अजून सांगितलं नाई मी. जाधव आडनाव, त्याईनं बी इचारलं नाई. एकदा लग्न होऊ दे, मंग मी सोताच सांगतो.”

“अन् तुह्या बाबाले काय सांगू?”

“ते तू पाह्य. माह्यासाठी एवढं कर, माय.”

फोन ठेवल्यावर ती चुलीपुढे तशीच बसून राहिली. राग आला होता, पण पोराचा आवाज तिच्या कानात होता. परीक्षेच्या फीला पैसे मागायचा तेव्हा असाच आवाज काढायचा, आधीच माफी मागितल्यासारखा. तिथं परमुलखात त्याला काय काय झेलावं लागतं हे तिला कुठं माहीत होतं? भाड्याच्या खोलीसाठी तो किती दारं फिरला होता, हे त्यानंच एकदा सांगितलं होतं. लोक आडनावापाशी थांबत नसत, गावापाशीही नाही, गावात कुठं राहता इथपर्यंत विचारत यायचे. एका माळेनं त्याचा संसार मोडत असेल तर माळ मोठी की पोरगं, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत उठली.

माणिकराव जयंतीच्या बैठकीला विहारात गेले होते. शिडी एकटीनंच लावली. खाली कोणी नव्हतं. एकेका खिळ्यावरून येढे सोडवत तिनं माळ उतरवली आणि घमेल्यात भरून आत ठेवली. फोटोपाशी मात्र गेली आणि तशीच मागं फिरली. त्याला हात लावायचा धीर तिला झाला नाही.

माणिकराव आले ते अंगणातच थबकले.

“माळ कुठं गेली?”

“तुटली. खिळ्यावर चिरली वाटते वायर. काढून ठेवली.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “करंट त नाई लागला तुले?”

“नाई.”

“एकटी काऊन चढली? मी आलो असतो ना.” मग म्हणाले, “आण इकडं. उद्या पाहतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसले, माळ मांडीवर घेतली आणि पहिल्या टोकापासून बोटांतून सोडत निघाले. जनकाबाई दारातून बघत होती. भाकरी थापता थापता तिचे हात थांबत होते. जिथं शंका आली तिथं ते वायर डोळ्यांजवळ नेत, नखानं खरवडून पाहत, पुढे जात. कुठं चीर नाही, कुठं जोड सुटलेला नाही. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा त्यांनी सॉकेटमध्ये पिन घातली. सगळी माळ भर उन्हात त्यांच्या मांडीवर लागली. उन्हात तो निळा उजेड दिसतही नव्हता नीट. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग पिन काढली, आयुष्यभर गुंडाळायचे तशी माळ हात आणि कोपरावरून गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि आतल्या खोलीत धान्याच्या कोठीवर नेऊन ठेवली.

“सापडलं का काही?” तिनं विचारलं.

“नाई,” ते म्हणाले. “काहीच नाई सापडलं.”

ते विचारतील, ओरडतील, मग आपण सगळं सांगून टाकू, म्हणून ती दिवसभर वाट बघत राहिली. रविवारी सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते समोरच्या खोलीत आले. काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी फोटो खाली घेतला, पंच्याच्या टोकानं काच पुसली आणि आत घेऊन गेले. त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. जनकाबाई पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी होती.

गाडी आली. संघर्ष उतरला, दोघांच्या पाया पडला आणि म्हणाला, “आई, हे प्रेरणाचे बाबा, ह्या तिच्या आई.”

आई. जन्मल्यापासून त्यानं तिला माय म्हटलं होतं.

पाहुणे माणसं बोलायला चांगली होती. खुर्च्यांवर बसली, घरात गारवा छान आहे म्हणाली. प्रेरणाची आई, वंदनाबाई, जनकाबाईकडे वळून म्हणाली, “हर्ष सांगत होता, तुम्ही शेती करता.”

“कोण?”

“हर्ष हो.”

जनकाबाई बघत राहिली. संघर्ष घाईनं हसला. “आई, मीच. ऑफिसमध्ये सगळे तसंच म्हणतात.”

“हो, शेतात जाते ती,” माणिकराव म्हणाले. हे खोटंही नव्हतं. ते शेत कोणाचं, हे कोणी विचारलं नाही.

“आणि तुमच्या पायाला काय झालं?” वामनरावांनी विचारलं.

माणिकराव तोंड उघडणार तोच संघर्ष बोलला, “मोटरसायकलवरून पडले. जुनी गोष्ट आहे.”

माणिकरावांनी पोराकडे पाहिलं. पोरगं खाली फरशीकडे बघत होतं. लाडवांच्या त्या दुपारी त्याच्या मनात राग नाही, लाज शिरली होती, हे जनकाबाईला तेव्हा कळलं.

“हाव,” ते म्हणाले. “पडलो.”

जनकाबाईनं पुरणाचा घाट घातला होता. वंदनाबाईंचा उपवास निघाला. वामनरावांना ॲसिडिटी होती. त्यांनी गाडीतली पाण्याची बाटली मागवली. संघर्ष दोन माणसांचं जेवण एकटा जेवला, इतक्या भराभर की जणू ताट रिकामं झालं म्हणजे सगळं निभावलं. वामनरावांची नजर मधूनच समोरच्या भिंतीवर जात होती. तिथं रिकामा खिळा होता आणि त्याच्याखाली रंग जरा उजळ राहिलेला चौकोन.

प्रेरणा ताट घेऊन आत आली. तीही जेवली होती, चाटूनपुसून. हात धुता धुता तिला कोठीवरचं वेटोळं दिसलं.

“ही दिवाळीची का?”

“हाव,” जनकाबाई म्हणाली. “दिवाळीचीच.”

मुलगी जवळ आली. मग आवाज खाली करून म्हणाली, “आई, मला माहीत आहे. हर्षनं मला अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. फक्त माझ्या बाबांना ठाऊक नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. एकदा लग्न झालं की होईल सगळं नीट.”

मुलगी मायाळू होती, डोळ्यांत खोट नव्हती. पण म्हणजे ही जाणून होती, आणि जाणून दिवाळीची का म्हणून विचारत होती. तिनं फक्त मान हलवली.

पाहुणे निघाले. संघर्ष गाडी वळवत होता, मायलेकी आत बसल्या होत्या. वामनराव माणिकरावांना घेऊन दोन पावलं बाजूला झाले. जनकाबाई फाटकापाशीच होती, तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

“माणिकराव, एक बोलतो. पोरांना वाटतं आपल्याला काही कळत नाही. अहो, चिखलीला आमची निम्मी भावकी आहे. चौकशी केल्याशिवाय मुलीचा बाप एवढ्या लांब येतो का? मला सगळं आधीच माहीत होतं. मुलगी ऐकत नाही, मुलगा हुशार आहे. माझं काही म्हणणं नाही.” त्यांनी माणिकरावांच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी आपुलकीनं. “तुम्ही समजूतदार माणसं दिसता. घर कसं साधं ठेवलंय. बोर्ड नाही, झेंडा नाही, काही नाही. हे असंच राहू द्या. उद्या आमच्याकडचे चार लोक येतील-जातील.”

माणिकरावांनी हात जोडले. गाडी लोणारच्या रस्त्यानं दिसेनाशी झाली तरी ते जोडलेलेच होते.

म्हणजे पोरगीला माहीत होतं. तिच्या बापाला माहीत होतं. पोराला तर होतंच. त्या घरात काही लपवल्याचं ओझं वाहत होते ते दोघं म्हातारा-म्हातारीच. जनकाबाई तरातरा आत गेली, फोटो आणून खिळ्यावर चढवला, कोठीवरची माळ उचलली आणि शिडी ओढत बाहेर आली.

“चला, खुर्ची घ्या. लावू.”

“नको,” माणिकराव म्हणाले.

“काऊन नको? परवा जयंती हाये. मी चढतो, तुमी फक्त सांगा.”

“नको म्हणलं ना जनका.” ते ओट्यावर टेकले. बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. “पोरानं सांगतलं, ते समजते मले. तो तिथं कसा राह्यते तो त्याचा त्यालेच मालूम. पण तू मले तुटली म्हणलीस.”

“तुमाले दुखू नाई म्हणून—”

“इंद्रभानजी बी मले दुखू नाई असंच बोलले होते. गोड बोलून शिडी दाखवली. ते परके होते.”

हे तिच्या वर्मी बसलं. इतकी वर्षं उन्हातान्हात घातलेली, त्या पडलेल्या माणसाला अंघोळ घातलेली, आणि आज त्या इंद्रभानजीच्या ओळीत आपल्याला बसवतो हा? तीही मग थांबली नाही.

“अन् तुमी? तुमाले सगळं समजलं होतं, मंग काऊन गप बसले? फोटो कोणं नेला आत? मी नेला का? मी त हात बी नाई लावला त्याले!”

माणिकरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

“हाव,” ते म्हणाले. “म्या नेला.”

तिला ताबडतोब वाटलं, हे बोलायला नको होतं. पण बोलून झालं होतं. दोघं ओट्यावर, मध्ये ते वेटोळं. शिडी भिंतीला न लावता आडवी पडली होती.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी माळ खांद्याला अडकवली आणि काठी टेकत विहारात नेऊन दिली. कमिटीच्या लोकांना सांगितलं, आमच्या घरापेक्षा इथं शोभते. लोकांना ते दान वाटलं, त्यांनी माइकवरून नाव पुकारलं. जयंतीला मिरवणूक घरापुढून गेली तेव्हा माणिकराव अंग दुखतं म्हणून आतच होते. जनकाबाई अंधाऱ्या ओट्यावर उभी राहून हात जोडत होती. संघर्षचा संध्याकाळी फोन आला. पाहुण्यांना घर आवडलं, म्हणाला. फार खुशीत होता. “माय, तू मानलं ना माझं? आता लाव माळ.” तिनं सांगितलं, लावली.

लग्न थंडीत पुण्याला झालं. त्यांच्याकडून मोजकीच माणसं न्यायची असं ठरलं होतं, म्हणून वस्तीतून कोणी नाही. भलंमोठं लॉन, झाडाझाडाला पिवळ्या माळा गुंडाळलेल्या. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता वाटल्या. जनकाबाई नव्या साडीत पहिल्या रांगेत बसली होती. पोराच्या डोक्यावर बाशिंग होतं. त्रिसरण-पंचशील घेऊन, पांढऱ्या कपड्यांत त्याचं लग्न लागेल असं तिनं कैक वर्षं मनात धरलं होतं. फोटो काढायला वर बोलावलं तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी. माणिकराव नव्हते.

ती शोधत बाहेर गेली. लॉनच्या मागच्या अंगाला, जिथं जनरेटर घरघरत होता, तिथं लाइटिंगवाली दोन माणसं चहा पीत बसली होती आणि त्यांच्यात माणिकराव, हातात कागदी कप. त्यातला एक विचारत होता, “काका, तुम्ही कोणाकडून? मुलाकडून का मुलीकडून?”

“कोणाकडूनच नाई,” माणिकराव म्हणाले. “मी लाइटवाला.”

ती झाडाआड उभी होती. पुढे जाऊन हात धरून त्यांना ओढत न्यावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण त्यांचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी सैल दिसत होता. तिला तो मोडवेना. ती एकटीच परत गेली आणि स्टेजवर वंदनाबाईंना म्हणाली, त्यांचा पाय दुखतो, बसू द्या. फोटोत संघर्षच्या बाजूला ती एकटी आहे. तोच फोटो पुढे मोठा करून पुण्याच्या घरात लावला, असं प्रेरणानं फोनवर सांगितलं. फोन तीच करते. संघर्षही बोलतो, काही लागलं तर सांग म्हणतो. सगळं सांगून टाकायचं होतं त्याला लग्नानंतर. सांगायला कोणी उरलंच नव्हतं, आणि बोर्ड-झेंड्याशिवाय सगळ्यांचं छान चाललं होतं.

पुन्हा एप्रिल आला. वस्तीत झेंडे लागले, घराघरांवर माळा चढल्या. जनकाबाईनं एकदा विषय काढून पाहिला, मेहकरहून नवी माळ आणू का म्हणून. माणिकराव पंख्याची जाळी पुसत होते. “आण नाईतर नको आणू,” ते म्हणाले, “मले काऊन इचारतं?” तिनं आणली नाही. जयंतीच्या दिवशी दिवेलागणीला वस्तीतली रुख्मिणी पांढरी साडी नेसून निघाली. वाटेत जाधवांच्या दारात थांबली.

“काऊन वं जनकाबाई, गेल्या साली बी अंधार, औंदा बी अंधार. घरात काही झालं का?”

“नाई बाई. काई झालं नाई.”

“पोरगं बरं हाये ना?”

“बरं हाये. लय खुशीत हाये.”

“मंग चाल ना. मिरवणूक निंघून राह्यली.”

जनकाबाईनं आत पाहिलं. माणिकराव भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण जागे होते.

“तू हो पुढं,” ती म्हणाली. “मी येतो मागून.” आणि तिनं दार लोटून घेतलं.